तालमीच्या दारात आता पोरींच्या पण चपला असतात

परवा संध्याकाळी तालमीच्या पायरीवर चपला मोजल्या, एकतीस जोड. 2016 ला मी नोकरी सोडून गावाकडं आलो तेव्हा चार पोरं यायची, वस्ताद थकलेले, आणि कुस्तीच्या हौदातली माती दोन दोन महिने कुणी उकरत नव्हतं. ज्या मातीत आम्ही लहानपणी ताक, हळद, लिंबू, तेल घालून पहाटे पाचला जोर मारायचो तीच माती दगडासारखी झालेली बघून खरंच पोटात कालवलं.

तालीम जगली ती एका नऊ वर्षाच्या पोरीमुळं. भावाला सोडायला यायची आणि बाहेर कट्ट्यावर एकटीच बैठका मारत बसायची. त्याच साली साक्षी मलिकनं रिओला ब्राँझ आणलं होतं आणि हिनं थेट वस्तादांना विचारलं, मी आत येऊ का? गावातली मोठी माणसं म्हणाली मारुतीची तालीम आहे, पोरी कशा चालतील. मग महिनाभर गावाच्या बैठका, रुसवेफुगवे, आणि शेवटी मधला मार्ग निघाला की शेजारच्या समाजमंदिरात गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून जुनी मॅट टाकायची, पोरी तिथं. मला हे अजून पटत नाही, मातीवर पोरींचा पण तेवढाच हक्क आहे, पण त्या दिवशी दार थोडं तरी उघडलं हे खरं.

आणि दार उघडायचं म्हणजे नुसतं "या" म्हणून भागत नाही हे आम्हाला हळूहळू कळलं. आधी संडास लागला, कपडे बदलायला खोली लागली, रस्त्यावरचा बंद दिवा ग्रामपंचायतीच्या मागं लागून सुरू करून घ्यावा लागला. 2023 च्या जानेवारीत दिल्लीत जंतरमंतरवर पैलवान पोरी न्याय मागत बसल्या तेव्हा आमच्याकडच्या दोन बापांनी पोरींना घरी बसवलं, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हापासून आम्ही नियमच केला की पोरींचा सराव चालू असताना कुणाची तरी आई किंवा आजी तिथं बसलेली पाहिजेच, नसेल तर सराव नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि एप्रिलात त्या दोघी परत मॅटवर.

मग एक मुलगा आला ज्याला ऐकू येत नाही. शिट्टीचा उपयोग नाही, वस्तादांच्या आरोळीचा तर नाहीच, म्हणून ठरवलं की थांबायचं असलं की पाठीवर दोन थापा, आणि डाव आधी सावकाश हातानं करून दाखवायचा. याचा फायदा सगळ्यांनाच झाला, कारण पोरं ओरडण्याकडं कान लावायची सोडून समोरच्याच्या खांद्याकडं बघायला लागली. त्याला मी वीरेंदर सिंहचे व्हिडिओ दाखवले, हरियाणाचा, ऐकू न येणारा पैलवान, डेफलिंपिक्सची सोनं आणि पद्मश्री मिळवलेला. पोरगं तीच लढत तीनदा बघत होतं. त्याचा एकलंगी डाव आता कुणाला सुटत नाही.

कुस्तीची जोड लावताना वस्ताद फक्त वजन बघतात. त्यामुळं वरच्या आळीतल्या आणि वस्तीवरच्या पोरांच्या अंगाला एकच घाम लागतो, आणि ज्यांच्या घरचे लग्नात एकमेकांच्या पंगतीला बसत नव्हते ते आता खुराकाचं दूध एका किटलीतून आळीपाळीनं पाठवतात. आमच्या कोल्हापुरात हे नवीन पण नाही हो, 1902 ला मागासांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखणाऱ्या शाहू महाराजांनीच 1912 ला खासबाग मैदान उभं केलं.

पदकं अजून फार नाहीत, तालुक्याला दोन. पण दहावीत शाळा सोडायला निघालेली एक पोर नुसत्या शालेय स्पर्धेसाठी अकरावीला गेली, मला ते पदकापेक्षा मोठं वाटतं.

आता नवीन मागणी आलीय. राखणीला बसून बसून आयांना सगळे डाव तोंडपाठ झालेत आणि त्यातल्या पाच जणी म्हणतात आम्हाला पण ढाक शिकवा. वस्ताद लगेच हो म्हणाले. धारा काढायची वेळ सोडून कोणती वेळ ठेवायची एवढंच ठरायचंय.