अझाइड लिहिलं आणि सॅम्पल अडकलं

जळगावात पीएचडी करतोय, साखरेवर. गावाकडे सांगितलं की विचारतात, मग कारखान्यात लागशील का भो? तर नाही. आपली साखर म्हणजे मॅनोसामाइन, तिच्या नायट्रोजनला अझाइडची, म्हणजे तीन नायट्रोजनच्या साखळीची, शेपटी लावायची आणि चारी ओएच ॲसिटाइलने झाकायचे. झाकली की पेशीत शिरते, आतली एस्टरेज एन्झाइम्स झाकणं काढतात, पेशी तिचं सायालिक ॲसिड (दुसरी एक साखर) करून बाहेरच्या अंगाला मांडते, मग त्या अझाइडला आपण चमकणारा रंग जोडायचा. कॅरोलिन बर्टोझींना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामाला. बनवायला फार त्रास झाला नाही.

त्रास झाला तो एनएमआर, म्हणजे रेणूची रचना तपासायची चाचणी, काढताना. सॅम्पल बाहेर पाठवायचं होतं आणि फॉर्मवर रकाना, ‘नमुना स्फोटक आहे का?’ मी ‘नाही’ वर टिक केली, पण शेजारी रचना काढली आणि खाली प्रामाणिकपणे अझाइड लिहिलं, हीच चूक. आठ दिवसांनी फॉर्म परत, लाल पेनने ‘अझाइड = स्फोटक’. फोन केला तर साहेब मीटिंगला. गाईडच्या सहीचं पत्र पाठवलं, तर त्यावर जावक क्रमांक नाही म्हणून परत. क्रमांक टाकला तर म्हणे सुरक्षिततेचा खुलासा जोडा! मे महिना, बाहेर ४४ डिग्री, आणि मी व्हायल फ्रीजमध्ये ठेवून फोन लावत बसलोय.

शेवटी डोकं फिरलं आणि पत्रात सरळ हिशोबच मांडला: कार्बन १६, ऑक्सिजन १०, बेरीज २६, भागिले नायट्रोजन ४, म्हणजे ६.५. हा आकडा ३ च्या वर असला की ऑरगॅनिक अझाइड हाताळायला बरा, असा ढोबळ नियम आहे. दुसऱ्या दिवशी घेतलं! आधीच जोडलं असतं तर महिना वाचला असता, तुम्ही पहिल्याच फॉर्मसोबत जोडा.

हां, सोडियम अझाइडची गोष्ट वेगळी, ते खरंच वाईट. प्लास्टिकच्या चमच्याने मोजा, धातूचा नको, ॲसिड जवळ आणू नका आणि त्याच्यासोबत डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट अजिबात वापरू नका. आणि टीएलसीवर, म्हणजे रिॲक्शन तपासायच्या छोट्या प्लेटवर, यूव्ही दिव्याखाली डाग दिसला नाही तर घाबरू नका, सल्फ्युरिक ॲसिडच्या स्टेनमध्ये बुडवून तापवा, साखर काळी पडतेच.

रिपोर्ट आला तर शेरा, ‘इम्प्युअर’. अहो, एकाच साखरेची अल्फा-बीटा ही दोन्ही रूपं आहेत, पीक जोडीने येणारच! तेही आता फॉर्मवरच लिहितो.

परवा ज्युनिअरचा मेसेज आला, "दादा, त्या ६.५ वाल्या पत्राची वर्ड फाइल टाक ना."