बडोद्याची धूळ, रत्नागिरीचं मीठ

दिवाळीच्या साफसफाईत खिडकीच्या जाळ्यांचा नंबर अगदी शेवटी लागतो. माळा उपसून होतो, पितळी भांडी होतात, पंख्यांची पाती होतात, गाद्या गच्चीवर उन्हं खाऊन खाली येतात, आणि वसुबारस उंबऱ्याशी आली की घरातलं कुणीतरी म्हणतं, अरे, जाळ्या राहिल्या! तोवर सगळ्यांचे हात भरून आलेले असतात. मग एक ओलं फडकं आडवंउभं फिरवलं जातं, फडकं काळं झालं म्हणजे जाळी साफ झाली असं धरलं जातं आणि जो तो फराळाकडे वळतो.

बडोद्यात या ओल्या फडक्याइतकं जाळीचं वाकडं दुसऱ्या कुणी केलेलं नाही. इथली धूळ कोरडी. होळी झाली की सुरू होते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत हटत नाही. बोटांत चोळली तर जाणवणारही नाही इतकी बारीक असते. ती धाग्यांवर नुसती टेकलेली असते. कोरड्या ब्रशाने हलवली तर मुकाट्याने निघून जाते. पाणी लागलं की तिचा चिखल होतो, तो भोकाभोकांत भरतो आणि दुपारच्या उन्हात तिथेच वाळतो. मग खिडकी सताड उघडी असूनही वारा येत नाही आणि सगळे पंख्याला नावं ठेवतात. साध्या मच्छरजाळीत इंचाला एका दिशेने अठरा आणि दुसऱ्या दिशेने सोळा धागे असतात. म्हणजे कोऱ्या जाळीतही जवळजवळ एक तृतीयांश जागा धाग्यांनीच अडवलेली. उरलेल्यातली निम्मी भोकं चिखलाने बुजवून मे महिन्यात वाऱ्याची वाट बघत बसायचं, हे आम्ही बडोदेकर वर्षानुवर्षं करत आलो आहोत.

माझी पद्धत साधी आहे. जाळी काढायची, गच्चीवर न्यायची, पाण्याच्या टाकीला टेकवून उभी करायची आणि मागच्या बाजूने, म्हणजे घराच्या आत असते त्या बाजूने, मऊ ब्रशाने हलके हलके झटकायची. उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं तर धूळ कशी निघते ते दिसतं. ती खाली पडत नाही, जरा वेळ तरंगत राहते आणि मग शेजाऱ्यांच्या गच्चीकडे निघते. (म्हणून शेजारचे कपडे वाळत नसतील अशीच वेळ धरावी. कारेलीबागेत संबंध टिकवून राहायचं आहे.) ब्रशाखाली काही निघेनासं झालं की मग बादली आणि भांड्यांचा साबण. पाणी ओतलं की एकेका भोकात पाण्याचा पातळ पडदा अडकून राहतो आणि सगळी जाळी क्षणभर काच झाल्यागत वाटते. तळहाताने एक चापट मारायची, पडदे फटाफट फुटतात. जिथला फुटत नाही तिथे अजून मळ अडकलेला असू शकतो असं समजावं. स्वयंपाकघराच्या जाळीत हे हमखास होतं, कारण रोजच्या फोडणीचं तेल धुळीला धरून ठेवतं. तिथे कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश.

सरकत्या खिडकीचा ट्रॅक हे वेगळंच प्रकरण. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे येतात, त्यांचे पंख सगळे त्या खाचेत साठतात. पाणी बाहेर जायला ठेवलेली बारीक भोकं त्याने बुजतात आणि जुलैत पाणी उलटं घरात येतं. जाळी एक वेळ राहिली तरी चालेल, पण पावसाळ्याआधी ही भोकं काडीने मोकळी करून घ्यावीत.

बडोद्याच्या जाळीला आणखी दोन शत्रू आहेत. एक उत्तरायण. चौदा आणि पंधरा जानेवारीला कापलेल्या पतंगांचा मांजा वेल्क्रोच्या जाळीत अडकतो आणि गल्लीतली पोरं खालून तो ओढतात. तेव्हा दोन दिवस जाळ्या काढून ठेवलेल्या बऱ्या, तसंही त्या दिवसांत घरात कोण असतं! दुसरी विश्वामित्री. २०२४ च्या ऑगस्टअखेर तिचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत फर्निचरचं प्लायवूड फुगून गेलं, गाद्या रस्त्यावर आल्या. फायबरच्या जाळ्या मात्र गाळ धुतल्यावर पुन्हा लागल्या. घरातली सगळ्यात स्वस्त वस्तू टिकली, याचं कौतुक करायच्या मनःस्थितीत तेव्हा कुणी नव्हतं.

जाळीचं महत्त्व आपल्याला तसं उशिराच कळलं. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. त्यानंतर १९०० साली सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळ ऑस्टियाच्या दलदलीत, खिडक्यादारांना जाळ्या लावलेल्या झोपडीत जाऊन राहिले. दिवसा बाहेर हिंडायचे, सूर्य मावळायच्या आत घरात. क्विनीन घ्यायचे नाहीत. आसपासची माणसं तापाने फणफणत होती, हे दोघे ठणठणीत. डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो, तेव्हा त्यांचं वेळापत्रक आज आपल्या कामाचं नाही. जाळी दिवसाही लावलेलीच हवी. आणि तीही सगळ्यांना अडवते असं नाही. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत चांदीपुरा विषाणूची साथ आली. हा विषाणू पहिल्यांदा १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला म्हणून त्याचं नाव तसं. तो पसरवणारी वालुमाशी डासापेक्षा बरीच लहान, नेहमीच्या जाळीच्या भोकातून आत येऊ शकते. तिच्यासाठी भिंतींच्या भेगा बुजवणं आणि घराभोवतीचा ओला कचरा हटवणं, हाच उपाय.

हे सगळं बडोद्याचं शास्त्र झालं. ते घेऊन मी आत्याकडे रत्नागिरीला गेले की तिथे चालत नाही.

आत्या मूळची दांडिया बाजारातली, लग्न होऊन रत्नागिरीला गेली. तिचं घर मांडवीला. आमच्या बडोद्यातही मांडवी आहे, पण तिथे चारी बाजूंनी रहदारी. तिच्या मांडवीला समोर समुद्र. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे यांची बाणांची आकृती काढून आपण मार्क मिळवले, तिच्या खिडकीला ते खरेच लागतात. दिवसा समुद्रावरून येणारा वारा लाटांचे अगदी बारीक तुषार घेऊन येतो. पाणी वाटेत उडून जातं, मीठ जाळीवर बसतं. मी सवयीने कोरडा ब्रश हातात घेतला तर आत्या म्हणाली, “बडोद्याचं बडोद्यात ठेव. इथे आधी पाणी. मीठ कधी झाडून गेलंय का?”

तिचं खरं आहे. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. कोकणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याचमुळे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि त्यांना तर त्याहून कितीतरी कमी दमटपणा पुरतो. म्हणजे आपल्याला कोरडी दिसणारी जाळी प्रत्यक्षात खाऱ्या पाण्याचा पातळ थर अंगावर घेऊन दिवसरात्र उभी असते. लोखंड असो वा ॲल्युमिनियम, त्या थरात ते हळूहळू झिजत जातं. कोरडा ब्रश फिरवला तर हे ओलं मीठ फक्त इकडचं तिकडे होतं आणि धाग्यांच्या गाठींत जाऊन बसतं.

यातली खरी गंमत आत्याच्या घरातच दिसते. तिने मागे एकदा जस्ताचा मुलामा दिलेली, आपण जिला जी.आय. म्हणतो ती जाळी दोन खिडक्यांना एकदमच लावून घेतली होती. एक खिडकी बाजूच्या उघड्या भिंतीत, पावसाचा मारा सरळ तिच्यावर. दुसरी पडवीच्या छपराखाली, तिला पावसाचा थेंब लागत नाही. आधी कोणती जाळी गेली असेल? पडवीतली. तिला बोट लावलं की तांबडा भुगा पडायचा, कोपऱ्यात तर नुसती गंजाची रांगोळी. आणि पावसात चिंब भिजणारी अजून धड होती. घरातल्या पुरुषमंडळींनी दुकानदाराला दोष दिला, की त्याने दोन वेगवेगळ्या जाळ्या दिल्या. आत्याने नाही दिला. तिचं म्हणणं, एकीला पाऊस धुतो, दुसरीला कोण धुतं? समुद्रकाठी आडोशाची जागा आधी गंजते, कारण तिथलं मीठ वाहून जायला वाटच नसते. आपण आडोशाला ठेवलेली वस्तू टिकते असं धरून चालतो, तो हिशेब तिथे उलटा लागतो.

तेव्हापासून पडवीतल्या जाळीला आत्या स्वतः पाऊस घालते. दिवाळीपासून आगोटीपर्यंत, म्हणजे पाऊस नसतो त्या महिन्यांत, पंधरा दिवसांनी झारीने वरपासून खालपर्यंत गोडं पाणी. ते नळाचंच हवं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर धुण्याचा उपयोग काय? साबण क्वचितच, आणि नंतर पुन्हा भरपूर पाणी. आगोटीची कामं निघाली, पापड-फेण्या डब्यात गेल्या, लाकडं पडवीत रचली गेली, की एक दिवस जाळ्यांचा. त्या दिवशी त्या फ्रेममधून काढून धुतल्या जातात. तारेची घासणी वापरायला तिची सक्त मनाई आहे, कारण घासणीचे लोखंडी कण जाळीत राहतात आणि तेच आधी गंजतात. ब्लीचही नको, ॲल्युमिनियमला ते सोसत नाही. पावसाळ्यात फायबरच्या जाळीवर बुरशीचे काळे ठिपके आले तर पाणी घातलेलं व्हिनेगर, आणि लगेच धुऊन टाकायचं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र तर कधीच नाही, विषारी वायू सुटतो.

आमच्याकडच्या सेक्शनवाल्याला मी ही पडवीची गोष्ट सांगितली. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमा करणारा हा माणूस, बडोद्याबाहेर फारसा न गेलेला, पण धातूंची जाण पक्की. तो म्हणाला, “बेन, दरिया पासे तो लोखंड पण पापड थई जाय.” मग त्याने समजावलं की किनाऱ्यावर जाळीच्याही आधी स्क्रूकडे बघावं. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये साधा स्क्रू घातला की दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी. स्क्रू लोखंडाचा असेल तर तो गंजतोच. स्टीलचा असेल तर तो चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम झिजतं. आत्याच्या फ्रेमवर मी ते पाहिलं होतं: स्क्रूच्या डोक्याभोवती रंग फुगून वर आलेला, नखाने टोकरला तर खाली पांढरी भुकटी. स्क्रूखाली नायलॉनचा वायसर घालावा, हे त्याचं सांगणं.

स्टीलच्या जाळीतही दोन जाती असतात, बाजारात त्यांना तीनशे चार आणि तीनशे सोळा म्हणतात. तीनशे सोळात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत तीच जास्त तग धरते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण चुंबक बहुतेक दोन्हींना चिकटत नाही, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. फायबरची जाळी गंजत नाही. ती जाते उन्हाने. तिच्या काचेच्या धाग्यावरचं प्लास्टिक उन्हाने कडक होतं आणि मग ती दुमडली की तडकते. पण स्वस्त आहे, बदलावी.

मागच्या मे महिन्यात आत्याच्या नातवाने रत्नागिरीतच नवा फ्लॅट घेतला. तिथे सगळीकडे घडीची, ओढून बंद करायची जाळी लावायचं चाललं होतं, तीच सध्या सगळ्यांना हवी असते. दिसते छान. दाखवायला आलेल्या मुलाने ती सर्रकन ओढली, सर्रकन मिटवली. आत्याने चष्मा लावून एक घडी दोन बोटांत धरून पाहिली.

“ही काढून नळाखाली धरता येते का रे?”

“नाही आजी, जागेवरच पुसून घ्यायची. मऊ कपड्याने.”

“मग तुमच्या ऑफिसात लावा,” आत्या म्हणाली आणि चहाचं बघायला आत गेली.

नातवाने शेवटी उचलून काढता येणाऱ्या साध्या फ्रेमा करून घेतल्या. स्क्रू तीनशे सोळाचे.