लातूर ते नांदेड, हवेतून

दुपारी जेवून आडवं झालं की माझं एक खूळ सुरू होतं. फोनवर दोन विमानतळ निवडायचे आणि त्यांच्यातलं हवाई अंतर काढत बसायचं. मुंबई-लंडन असलं नाही. त्यात काय मजा? ज्यांच्यामध्ये विमान जातच नाही अशी जोडी हवी. काल लातूर ते नांदेड काढलं. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. ताशी आठशेच्या वेगानं, साडेनऊ मिनिटं! शिवाय विमान उडण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास वर धरायची रीत आहे. म्हणजे जेवण दोन घासांचं आणि पंगत उठायलाच तास. खाली गंभीरपणे लिहिलेलं, दोन्ही गावांच्या वेळेत फरक शून्य. नांदेडच्या मामाच्या घरातलं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढं असतं, हे त्यांना कोण सांगणार!

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं विमान 1967 पासून जातं. अंतर 2.7 किलोमीटर, वारा पाठीशी असताना 53 सेकंदांत पोचल्याची नोंद आहे. पण तिथं मध्ये समुद्र आहे. आमच्या मध्ये अहमदपूर आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडं जायचं म्हणजे लातूरच्या स्टँडवर आधी खिडकीतून रुमाल टाकायचा, मग दारात रेटारेटी. अहमदपूरला कंडक्टर ओरडायचा, "गाडी दहा मिनटं थांबंल!" ती दहा मिनिटं कुठल्याच घड्याळातली नसायची. ड्रायव्हर-कंडक्टर कँटीनमध्ये गडप. आई जागा धरून बसायची आणि मला भज्याला पिटाळायची. पेपरात बांधलेली गरम भजी, वर मिठात घोळलेली तळलेली मिरची. कागदाला तेल फुटून बातम्या पारदर्शक व्हायच्या, पलीकडच्या पानावरचे सोन्याचे भाव वाचता यायचे. एक डोळा गाडीवर, इंजिन सुरू झालं की पोटात गोळा. पुडा संपायचा, हात चड्डीला पुसून व्हायचे, तरी गाडी जागेवरच. तेवढ्यात विमान नांदेडला उतरून रिकामंसुद्धा झालं असतं.

बाकी नांदेडला विमानाचं अप्रूप नाही. उडान योजनेतली देशातली पहिली विमानं 27 एप्रिल 2017 ला सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. हैदराबाद जवळ आलं. लातूर होतं तिथंच.

संध्याकाळी मामाला फोन लावला. म्हणलं, "मामा, इमानानं तुमचं घर दहा मिनटावर हाय."

"मग येऊ लालास का?"

"इमान नाही ना पण."

"यष्टी तर हाय की लेका. ती कवा बंद झाली?"

म्हणलं, बघतो. सोयाबीन निघू द्या.