सर्पगंधा : बी एकदाचे रुजले

मागील नोंदीत ज्या ट्रेची आशा जवळजवळ सोडली होती, त्यातच सर्पगंधेचे, म्हणजे मुळांसाठी ओळखल्या जाणाऱ्या औषधी झुडपाचे, कोंब दिसू लागले आहेत. एका रोपाच्या बीजपत्रांवर बियांच्या कवचाचा तुकडा अजून टोपीसारखा अडकलेला आहे. तो ओढून काढण्याचा मोह मी आवरला आहे.

खरा अडथळा त्या दगडासारख्या कवचाचाच होता. शेणाच्या पाण्यात भिजवूनही फरक पडला नव्हता, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बिया फोडल्या असता बहुतेकींत गर्भच आढळला नाही. त्यामुळे या वेळी पूर्ण काळी पडलेली फळेच निवडली, गर धुऊन काढला, बुडालेल्या बियांची एक कड पॉलिश पेपरवर हलकेच घासली आणि रात्रभर भिजवून त्या लगेच पेरल्या. न घासलेल्या बियांची ओळ शेजारीच असून ती अद्याप ढिम्म आहे. ताज्या बियांना पर्याय नाही, हे माझे मत आता पक्के झाले आहे. पाकिटातील जुन्या बियांवर मी यापुढे पैसे खर्च करणार नाही. एका रोपवाटिकेने सर्पगंधा म्हणून दिलेल्या रोपांना तर प्रत्येक पेऱ्यावर लहानमोठी चार पाने आली, म्हणजे ती बडी चांदर, सर्पगंधेच्याच कुळातली दुसरी जात, निघाली.

मुळांचे तुकडे लावणे सोपे आहे, हे मान्य. परंतु ज्या मुळासाठी ही वनस्पती जंगलातून ओरबाडली गेली, तेच तोडून लागवड करणे मला पटत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले आणि १९५२ मध्ये मुळातून रेसरपिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे करण्यात आले, त्यानंतर मागणी फार वाढली. घरी चूर्ण करून घेण्याविषयी विचारणाऱ्यांना माझे उत्तर नकाराचेच आहे, कारण मुळागणिक रेसरपिनचे प्रमाण बदलते, मात्रा चुकल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो आणि नैराश्यही येऊ शकते.

रोपे कुंड्यांत हलवण्याचे ठरवले होते. मात्र सोटमूळ खोल जाते हे लिहितानाच लक्षात आले, म्हणून आता उंच पिशव्याच घेईन. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने पुढील तोडणीतील बिया वाळवून साठवण्याऐवजी टप्प्याटप्प्याने पेरण्याचा विचार आहे. त्यातील निम्म्या बिया न घासता पेरेन, म्हणजे ताज्या बियांनाही पॉलिश पेपर लागतोच का, ते अधिक स्पष्ट होईल.