बेळगावची गोळी आणि आजचे प्रस्ताव

आज दिवसभर आरोग्य-संशोधनाच्या अनुदानासाठी आलेले प्रस्ताव वाचत होतो आणि आपल्याच बेळगाव जिल्ह्यातला एक अभ्यास सारखा आठवत होता. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन हे औषध थंड ठेवावे लागते व इंजेक्शनाने द्यावे लागते, जे खेड्यातल्या बाळंतपणात अनेकदा जमत नसे. म्हणून येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी ग्रामीण भागातील १,६२० स्त्रियांमध्ये मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी घेतली. गोळी देण्याचे काम एएनएम सिस्टरांनीच, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिका-सुईणींनीच, केले. औषधविरहित गोळी घेतलेल्यांमध्ये अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांचे प्रमाण १२ टक्के, तर खरी गोळी घेतलेल्यांमध्ये ६.४ टक्के आढळले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी गोळीला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

स्वस्त गोळीच्या अशा चाचणीत कंपन्यांना फारसा नफा दिसत नाही; इथे अमेरिकी सरकारच्या संस्थेबरोबर गेट्स फाउंडेशनचा पैसा उपयोगी पडला. म्हणूनच, नव्या उपकरणांचे आकर्षक प्रस्ताव समोर असतानाही, सिस्टरांचे प्रशिक्षण, त्यांचा प्रवासखर्च आणि बाळंतिणींचा पाठपुरावा यांसाठी निधी मागणाऱ्या साध्या प्रस्तावाला मी पहिली पसंती दिली आहे, आणि समितीच्या बैठकीत त्याच्या बाजूने आग्रहाने बोलणार आहे.