फ्लोरिडाच्या उन्हात पांढरा रंग टिपताना : माझा अनुभव

दक्षिण फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रणासाठी जायचे ठरले, तेव्हा कोणती लेन्स न्यावी यापेक्षा कोणत्या महिन्यात जावे याचाच मी अधिक विचार केला. उपोष्ण कटिबंधातील या दलदलीत साधारण डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या काळात पाणी आटत जाते, मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात आणि त्यांच्या मागोमाग बगळे, चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी), मगरीसारखे अ‍ॅलिगेटर असे सगळेच तेथे येऊन ठेपतात. पावसाळ्यात पाणी चहूकडे पसरले की पक्षी पांगतात आणि राज्य उरते ते डासांचे. पाणी सर्वांत कमी असते म्हणून मी एप्रिल निवडला, पण त्याबरोबर एप्रिलचे ऊनही पदरात पडले. महिन्याच्या मध्यास तेथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 74 अंशांवर असतो, आणि घड्याळे उन्हाळी वेळेनुसार तासभर पुढे असल्याने ही माध्यान्ह दुपारी सव्वाच्या पुढे होते. त्यामुळे सकाळी सातच्या सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत काम करायचे आणि थेट सायंकाळी साडेपाचनंतरच पुन्हा कॅमेरा बाहेर काढायचा, असा दिनक्रम मी आखला.

पहाटे पहिला अडथळा येतो तो दमट हवेचा. वातानुकूलित खोलीत रात्रभर गारठलेली लेन्स बाहेर आणताक्षणी तिच्यावर बाष्प धरते, आणि काचेचे तापमान हवेच्या दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊ लागते त्याच्या) वर जात नाही तोवर कितीही पुसले तरी ती पुन्हा धुरकट होते. म्हणून कॅमेरा आणि लेन्स हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी खोलीबाहेर ठेवत असे. बाष्प पिशवीवर धरते, आतली काच कोरडी राहते आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळे बाहेरच्या तापमानाला येते. तेवढा वेळ आधी उठावे लागते, एवढेच.

अन्हिंगा ट्रेल ही रॉयल पाम येथील पायवाट मैलभराचीही नाही, पण कोरड्या काळात तिच्या लाकडी मार्गावरून जे दिसते ते पाहता लांब पदयात्रेची गरज वाटत नाही. आपल्याकडच्या तिरंदाज पक्ष्याचा भाऊबंद असलेला अन्हिंगा भिजलेले पंख पसरून उन्हात बराच वेळ निश्चल बसतो, त्यामुळे त्याच्या पंखांवरील रुपेरी रेघा सावकाश टिपता येतात. वन्यजीवांपासून किमान 15 फूट अंतर राखावे असा उद्यानाचा दंडक आहे; अ‍ॅलिगेटर वाटेच्या कडेलाच पहुडलेला असतो तेव्हा आपण मागे सरकायचे. ड्रोनचा प्रश्नच नव्हता, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत 2014 पासून ड्रोन उडवण्यास बंदी आहे. मला विचाराल तर ही बंदी योग्यच आहे.

खरा कस लागला तो पांढऱ्या रंगापाशी. काळ्याशार पाण्यात मोठा बगळा उभा असतो तेव्हा कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर चौकटीतला बहुतांश अंधार पाहून एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, वाढवतो, आणि बगळ्याच्या जागी पिसांचा मागमूस नसलेला पांढरा डाग उमटतो. अशा वेळी मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेल्या प्रकाशात आपण केलेला बदल, उणे एक स्टॉपवर (निम्म्या प्रकाशावर) आणत असे, ऊन चढल्यावर आणखी खाली. तोच बगळा उडून उजळ आकाशासमोर गेला की सगळे उलटते: मीटर आकाशाला भुलून पक्ष्याला करडा करतो, म्हणून अधिक एकपर्यंत जावे लागते. पक्षी पाण्यावरून आकाशात जायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात चक्री फिरवणे कठीण असते. त्यामुळे पुढे मी मॅन्युअलवर, म्हणजे मीटरवर न सोपवता स्वतःच, उन्हातल्या पांढऱ्या पिसांसाठी एक्स्पोजर ठरवून ठेवू लागले. पार्श्वभूमी काहीही असली तरी पक्ष्यावर पडणारे ऊन तेच असते. स्क्रीनवरचे चित्र प्रखर प्रकाशात नेहमी फसवे दिसते, म्हणून विश्वास ठेवला तो हिस्टोग्रामच्या, म्हणजे चित्रातील अंधार-उजेडाच्या आलेखाच्या, उजव्या (उजळ) टोकावर.

प्रवेशद्वारापासून 38 मैलांवर फ्लेमिंगो येथे रस्ता संपतो आणि खारफुटी सुरू होते. मगर आणि अ‍ॅलिगेटर एकत्र नांदतात असा जगातला एकमेव प्रदेश म्हणजे दक्षिण फ्लोरिडा; येथील धक्क्याजवळ मगरी पाहायला मिळाल्या. तांबड्या खारफुटीच्या कमानदार मुळांसाठी मी पोलरायझर हा चकाकी कमी करणारा फिल्टर वापरला. पाण्यावरची चकाकी गेली की मुळे पाण्याखालीही उतरत गेलेली दिसतात, मात्र त्यापायी दीड-दोन स्टॉप प्रकाश गमवावा लागतो.

तेथून पाचशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला, 1565 मध्ये स्पॅनिशांनी वसवलेले सेंट ऑगस्टीन हे किनाऱ्यावरचे गाव आहे. येथील कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला 1672 ते 1695 या काळात कोकिना नावाच्या, शिंपल्यांचे तुकडे घट्ट होऊन बनलेल्या दगडात बांधला गेला. 1702 च्या वेढ्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी या भिंती फुटल्या नाहीत. गोळे त्यांत रुतत गेले. समोरून पडणाऱ्या उन्हात हा दगड नुसताच मातकट दिसतो. मटांझास खाडीकडील पूर्वेची भिंत मी सूर्य बराच वर चढेपर्यंत सोडून दिली, आणि ऊन तिला घासून खाली उतरू लागल्यावर जवळून टिपली, तेव्हा शिंपल्यांची कड न् कड सावलीनिशी उठून दिसली. साडेनऊनंतर कॅमेरा आत ठेवण्याच्या माझ्या नियमाला हा एवढा अपवाद.

अ‍ॅनास्टेशिया बेटावरील 1874 चा दीपस्तंभ पांढऱ्या-काळ्या सर्पिल पट्ट्यांचा, वर लाल टोपी घातलेला आहे. मीटर येथे दोन्ही रंगांची सरासरी काढतो आणि पांढरे पट्टे हातचे जातात. तेथेही बगळ्याचाच हिशेब लावून मी पांढरा सांभाळला. काळ्या पट्ट्यांवरील रंगाचे पोपडे नंतर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने नोंदवलेल्या, प्रक्रिया न केलेल्या चित्रातून) सहज वर आणता आले. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर जमलेला थर तेवढा रोज सायंकाळी आधी ब्लोअरने उडवून, मग ओलसर कापडाने पुसावा लागे, कारण कोरड्या कापडाने तेच मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात.