नगरसेवकच आयुक्ताची मुलाखत घेतात तेव्हा : अमेरिकेतल्या सिटी मॅनेजरची निवड

आपल्याकडे महापालिकेचा आयुक्त कोण, हे मंत्रालयात ठरतं. नगरसेवकांना ते ऑर्डर निघाल्यावर कळतं आणि महापौरांशी खटके उडायला लागले की बदलीची कुजबुज सुरू होते. अमेरिकेत फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, क्युपर्टिनो, टेक्ससमधलं फ्रिस्को, शिकागोजवळचं नेपरव्हिल, नॉर्थ कॅरोलिनातलं केरी या सगळ्या गावांत मराठी घरं आहेत आणि या सगळ्या गावांत हा प्रकार उलटा चालतो. निवडून आलेले पाच-सात कौन्सिल मेंबर स्वतः जाहिरात काढतात, मुलाखती घेतात, पगार ठरवतात आणि सिटी मॅनेजर नेमतात. नकोसा झाला की तेच काढतात. मेयर बहुतेक ठिकाणी बैठकीचा अध्यक्ष आणि सात मतांतलं एक मत, एवढाच. खात्यांचे प्रमुख, बजेटचा मसुदा, कंत्राटं, रोजचा कारभार हे सगळं मॅनेजरकडे.

पद्धत जुनी आहे. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनने १९०८ मध्ये असा पहिला पगारी व्यवस्थापक नेमला. ओहायोतल्या डेटनला १९१३ च्या महापुराने बुडवलं, त्यात जुना कारभारही उघडा पडला आणि १९१४ पासून तिथे मॅनेजर आला. आज फिनिक्स, सॅन अँटोनियो, डॅलस ही दहा लाखांवरची शहरंसुद्धा अशीच चालतात. सॅन डिएगोने मात्र २००६ मध्ये ही पद्धत सोडून कारभार मेयरच्या हातात दिला.

मुलाखतीत बऱ्याच गावांत रहिवाशांचंही एक पॅनेल बसवतात. व्यापारी, शाळेशी संबंधित कोणी, एखाद्या मंडळाचं माणूस. आपल्यापैकी कोणालाही उद्या त्याचं बोलावणं येऊ शकतं, म्हणून हे जरा तपशिलात.

या नेमणुकीतली गोम अशी आहे, की नोकरी देणाऱ्यांनाच वेळप्रसंगी ‘नाही’ म्हणेल असा माणूस त्यांना शोधायचा असतो. गोडबोल्या उमेदवार मुलाखतीत हमखास जिंकतो आणि वर्षभरात शहराला महागात पडतो. त्यामुळे मुलाखतीची सगळी रचना एकाच गोष्टीसाठी हवी : हा माणूस अडचणीची गोष्ट, योग्य वेळी, योग्य माणसाला, तोंडावर सांगू शकतो का?

जागा रिकामी झाल्यापासून नवा माणूस रुजू होईपर्यंत चार ते सहा महिने धरायचे. मधल्या काळात हंगामी मॅनेजर असतो. त्यालाच अर्ज करायचा असेल तर ते पहिल्या आठवड्यात स्पष्ट करून घ्यायचं, नाहीतर बाहेरचे चांगले लोक ‘घरचा माणूस ठरलेलाच आहे’ असं समजून फिरकत नाहीत. बहुतेक शहरं हे काम अधिकारी शोधून देणाऱ्या खासगी फर्मला देतात. ती फर्म आधी प्रत्येक कौन्सिल मेंबरला एकेकटं भेटते, मग खातेप्रमुखांना. त्यातून एक माहितीपत्रक तयार होतं : गाव कसं, बजेट किती, पुढची तीन वर्षं डोक्याला ताप कशाचा. जाहिरात चार ते सहा आठवडे चालते, आठ-दहा जणांच्या व्हिडिओवर प्राथमिक मुलाखती होतात आणि शेवटी तीन ते पाच जण समोर येतात.

खरी चूक इथेच होते आणि ती उमेदवार येण्याआधीच होते. तिघांना नवं बांधकाम करून घेणारा हवा असतो, तिघांना बांधकाम रोखणारा, आणि सातव्याला फक्त आधीच्यासारखा नको असतो. हे आपसात न मिटवता मुलाखती घेतल्या की प्रत्येकजण आपल्याला हवं तेच उत्तर ऐकतो. जाहिरातीआधी दोन तास बसून ‘पहिल्या वर्षात या माणसाने कोणती तीन कामं केलेली दिसली पाहिजेत’ हे कागदावर उतरवणं, यापेक्षा उपयोगी बैठक या सहा महिन्यांत दुसरी नाही.

आता खोलीतल्या गोष्टी. प्रत्येक उमेदवाराला साठ ते पंचाहत्तर मिनिटं. प्रश्न आठ किंवा नऊ, त्याहून जास्त नाहीत. एका उत्तराला साधारण सहा मिनिटं लागतात आणि शेवटची दहा मिनिटं उमेदवाराच्या प्रश्नांसाठी राखायची असतात. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तिसरा प्रश्न अमुक मेंबर विचारणार असेल तर चारही उमेदवारांना तोच विचारणार. गुण एक ते पाच, आणि पाचाचं उत्तर कसं, दोनाचं कसं, हे आधीच लिहिलेलं. उमेदवार बाहेर पडला की चर्चेआधी गुण मांडून कागद फर्मच्या माणसाकडे द्यायचा. आधी चर्चा केली तर मेयरचे किंवा सगळ्यात मोठ्या आवाजाचे गुणच सगळ्यांचे होतात. आणखी एक हमखास दिसणारी खोड म्हणजे कौन्सिल मेंबरचं भाषण. प्रश्न चार मिनिटांचा, उत्तर दोन मिनिटांचं. म्हणून प्रश्न छापील हवा आणि वाचूनच दाखवायला हवा.

एक प्रश्न जवळून पाहू. ‘एका कौन्सिल मेंबरने थेट पब्लिक वर्क्सच्या डायरेक्टरला फोन करून आपल्या भागातल्या रस्त्याचं डांबरीकरण आधी करायला सांगितलं. डायरेक्टरने तुम्हाला कळवलं. तुम्ही काय कराल?’

‘मी सगळ्यांशी संवाद ठेवतो’ हे दोन गुणांचं उत्तर. ‘मी ताबडतोब मेमो काढेन’ हेही दोनाचंच, फक्त आवाज चढा. बहुतेक शहरांच्या सनदेत किंवा नियमावलीत लिहिलेलं असतं, की कौन्सिल मेंबरने कर्मचाऱ्यांना परस्पर आदेश द्यायचे नाहीत, जे काही असेल ते मॅनेजरमार्फत. पाच गुणांचा उमेदवार हे कलम सांगतो, पण तिथे थांबत नाही. तो डायरेक्टरला सांगतो, ठरलेल्या यादीप्रमाणेच काम चालू ठेव, बाकीचं मी बघतो. त्याच दिवशी मेंबरला एकट्याला गाठतो. रस्त्यांची स्थिती शून्य ते शंभर अशा निर्देशांकात मोजलेली असते. त्या मेंबरचा रस्ता किती गुणांवर आहे आणि यादीत कोणत्या वर्षी येतो हे दाखवतो. यादीच बदलायची असेल तर विषय अजेंड्यावर आणा, चार मतं मिळवा, मी अंमलबजावणी करतो, असं सांगतो. आणि त्या मेंबरला दिलेली माहिती बाकी सहा जणांनाही पाठवतो. शेवटचा मुद्दा उमेदवार स्वतःहून बोलला तर समजायचं, की त्याने हे प्रत्यक्ष निभावलेलं आहे. यानंतर एकच पुरवणी प्रश्न : ‘हे तुमच्या बाबतीत कधी घडलं आणि शेवट काय झाला?’ साल, रस्ता, निकाल हे बाहेर आलं पाहिजे.

दुसरा मोठा प्रश्न पैशाचा. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या प्रस्तावामुळे मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्याला बांधलेला आणि घर विकलं जाईपर्यंत त्याची करासाठीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. खर्च मात्र पगार आणि पेन्शनच्या वेगाने वाढतो. तेव्हा ‘दोन वर्षांत तूट येणार आहे, कशाला हात लावाल?’ हे विचारायचंच. एकदाच मिळणारा पैसा, म्हणजे जमीन विकून आलेला किंवा केंद्राचं अनुदान, कायमच्या पगाराला लावणार नाही, हे उमेदवाराने न विचारता सांगितलं पाहिजे. राखीव निधी किमान दोन महिन्यांच्या खर्चाइतका असावा ही सरकारी वित्त अधिकाऱ्यांच्या संघटनेची शिफारस त्याला पाठ असणारच. ती मोडायची वेळ कधी येते आणि मोडल्यावर किती वर्षांत भरून काढायचा, याचं उत्तर ऐकण्यासारखं असतं.

बोलण्यापेक्षा पुरावा हाताशी असतो, पण तो बघायचा कंटाळा केला जातो. उमेदवाराच्या सध्याच्या शहराचं बजेट वेबसाइटवर असतं आणि त्याच्या सुरुवातीला मॅनेजरच्या सहीचं पत्र असतं. वाईट बातमी पहिल्या पानावर आहे की नवव्या, हे पाहा. कौन्सिलच्या बैठकांचे व्हिडिओही असतात. नागरिकांच्या तक्रारींचा भाग आणि रात्री अकरानंतरचा भाग, एवढं बघितलं तरी पुरे. एखादा मेंबर चुकीचा आकडा रेटून सांगतो तेव्हा मॅनेजर मान हलवतो, खाली बघतो की माइक ओढून शांतपणे दुरुस्त करतो?

आता आपल्या लोकांसाठी खास. ‘मूळचे कुठले?’, ‘मुलं किती?’, ‘मिसेस काय करतात?’ हे आपण रेल्वेच्या डब्यात पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. इथे वय, लग्न, मुलंबाळं, धर्म, जन्माचा देश, उच्चार, आजारपण यांतलं काहीही विचारायचं नाही. मुलाखतीच्या खोलीत नाही आणि उमेदवाराला शहर दाखवायला नेलेल्या गाडीतही नाही. घसरण नेमकी त्या गाडीत आणि जेवणाच्या टेबलावर होते. गावात राहायला येणार का, हा प्रश्नही कॅलिफोर्नियात जपून. कर्मचाऱ्याने शहराच्या हद्दीतच राहावं अशी अट घालायला राज्यघटना परवानगी देत नाही. वाजवी अंतर ठरवून देता येतं. कधी रुजू होऊ शकाल, आठवड्यात दोन-तीन संध्याकाळच्या बैठका असतात ते जमेल का, हे बिनधास्त विचारा. आधीचा पगार विचारायला कॅलिफोर्नियात २०१८ पासून खासगी आणि सरकारी दोन्ही नोकऱ्यांत बंदी आहे. गंमत म्हणजे जो पगार कायद्याने मुळातच जाहीर असतो तो या बंदीतून वगळलेला आहे, आणि सिटी मॅनेजरचा पगार जाहीरच असतो. पगारांवर एवढा उजेड पडण्यामागे लॉस एंजेलिसजवळच्या बेल गावाचं प्रकरण आहे. चाळीस हजारांच्या आतलं, गरीब वस्तीचं गाव, आणि मॅनेजर वर्षाला जवळपास आठ लाख डॉलर उचलत होता. २०१० मध्ये ते फुटलं, २०१४ मध्ये त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली.

गुप्तता राज्याराज्यात बदलते. कॅलिफोर्नियात ब्राउन अ‍ॅक्टखाली, म्हणजे सरकारी बैठका खुल्या ठेवायला लावणाऱ्या कायद्याखाली, नेमणुकीच्या मुलाखती बंद दाराआड घेता येतात. फ्लोरिडात अर्ज आले की ते सार्वजनिक आणि मुलाखतीही लोकांसमोर. त्यामुळे तिथे मेंबर उमेदवाराला एकेकटे भेटून घेतात आणि नोकरीत असलेले चांगले मॅनेजर अर्ज करताना दहादा विचार करतात. नाव फुटलं की सध्याच्या गावात दुसऱ्या दिवशी ‘चालला वाटतं’ सुरू होतं आणि उमेदवार माघार घेतो. म्हणून बंद मुलाखती सिटी हॉलऐवजी बाहेर ठेवतात, दोघांच्या वेळांत निदान अर्धा तास अंतर ठेवतात आणि आत येणाऱ्याची बाहेर जाणाऱ्याशी गाठ पडणार नाही असं बघतात. बंद दाराचा अर्थ फोनवर चर्चा चालते असा मात्र नाही. सात जणांच्या कौन्सिलमध्ये पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी बोलला की बहुमताची बेकायदा बैठक झाली. समोरासमोर चौघे कधी बसलेच नव्हते, ही सबब चालत नाही.

संदर्भ तपासताना उमेदवाराने दिलेल्या नावांवर थांबू नये. त्याच्या विरोधात मत दिलेला मेंबर, आधीचा फायनान्स डायरेक्टर, पोलीस युनियनचा माणूस, स्थानिक वार्ताहर यांना फर्मने फोन करायचा, पण उमेदवाराची परवानगी घेऊनच. एखाद्या शहरात अकराच महिने काढले असतील तर लगेच फुली मारू नका. मॅनेजरांच्या संघटनेची आचारसंहिता किमान दोन वर्षं टिकण्याची अपेक्षा ठेवते, पण निवडणुकीनंतर नवं बहुमत आलं आणि मॅनेजर गेला, हे वारंवार घडतं. त्याचा सोडताना झालेला करार मागवून वाचा. पदव्या थेट विद्यापीठाकडून पडताळा.

उमेदवारही कौन्सिलची मुलाखत घेत असतो. ‘आधीचा मॅनेजर का गेला?’ या त्याच्या प्रश्नाला सात जणांची सात उत्तरं आली तर चांगला माणूस तिथेच मनातून उठतो. चार विरुद्ध तीन मतांनी आलेली ऑफर जाणते लोक सहसा घेत नाहीत. एक मेंबर फिरला की नोकरी गेली.

त्यासाठीच करारात काढून टाकल्यास किती महिन्यांचा पगार, हे लिहिलेलं असतं. मॅनेजरांच्या संघटनेचा नमुना करार बारा महिने म्हणतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात कमाल अठरा महिने, फ्लोरिडात वीस आठवडे. निवडणुकीनंतरचे नव्वद दिवस मॅनेजरला काढता येणार नाही, असं कलमही बऱ्याच शहरांत आहे. पगारावर जनतेचा राग निघू शकतो. सॅन अँटोनियोच्या मतदारांनी २०१८ मध्ये पगार सर्वात कमी पगाराच्या कर्मचाऱ्याच्या दहापट आणि मुदत आठ वर्षं अशी मर्यादा घातली, आणि २०२४ मध्ये ती स्वतःच उठवली. कॅलिफोर्नियात हा करार खास बैठकीत उरकता येत नाही. नियमित बैठकीच्या अजेंड्यावर बहात्तर तास आधी लावायचा आणि मतदानाआधी पगार-भत्त्यांचा सारांश तोंडी वाचून दाखवायचा.

तोपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवायचा नाही. पहिल्याची पार्श्वभूमी तपासणी बाकी असते, वाटाघाटी वाहनभत्त्यावर अडकू शकतात, किंवा त्याचं सध्याचं शहर पगार वाढवून त्याला अडवू शकतं. कोणत्या तारखेपर्यंत कळवू हे दुसऱ्याला फर्मने फोनवर स्पष्ट सांगायचं, आणि ती तारीख पाळायची.